सारथी, सुरा आणि शासन

लग्नसराईच्या दिवसांत गोंदियाहून गोरेगावावरून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने दिवेलागणीच्या सुमारास जो कोणी गेला असेल, त्याला आमच्या विषयाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. समोरून एखादी गाडी रस्त्याच्या दोन्ही कडा मोजीत येते. आपण मनाशी म्हणतो, 'घेतलेली दिसते', आणि आपले वाहन खाली मातीत उतरवून मुकाट्याने उभे राहतो. ती गाडी निघून गेली की पुन्हा वर चढतो आणि घरी पोहोचेपर्यंत तो प्रसंग विसरून जातो. हा जो मातीत उतरून उभा राहणारा माणूस, त्याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. पिणाऱ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. त्याच्या पापाविषयी कीर्तनकार बोलले, त्याच्या संसाराविषयी नाटककारांनी लिहिले, त्याच्यापासून मिळणाऱ्या करावर अर्थमंत्र्यांनी भाषणे केली. परंतु त्याला वाट करून देणाऱ्या त्रयस्थाची कायद्याला केव्हा आठवण झाली, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो आम्ही सांगू इच्छितो.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. हा विषय दारूबंदीचा नव्हे. आपला झाडीचा मुलूख मोहाच्या झाडांचा आहे. चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचणाऱ्या बायापोरांना त्या फुलांत पोटाचा आधार दिसतो. फूल वाईट नाही, आणि ते पोटात कोणत्या रूपाने जावे हा वाद आम्ही आज बाजूस ठेवतो. प्यालेल्या माणसाच्या हाती जेव्हा लगाम, सुकाणू किंवा चाक येते, तेव्हा समाज त्याला काय विचारतो, एवढाच आमचा प्रश्न आहे. गंमत अशी की, या एका प्रश्नाची रूपे गेल्या दीडशे वर्षांत चार वेळा बदलली आहेत.

वाहन हाकणाऱ्याच्या जबाबदारीचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. ज्या मनुस्मृतीचे तिच्यातील विषमतेमुळे डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे दहन झाले, तिच्याच आठव्या अध्यायात रथाच्या अपघातासंबंधी काही नियम आढळतात. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा सारथ्याने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दंड नाही, असे तेथे म्हटले आहे. सारथी कुशल असूनही अपघात घडला तर दंड सारथ्याला. परंतु सारथीच अकुशल असेल, तर दंड मालकाला, आणि इतकेच नव्हे तर गाडीत बसलेल्यांनाही! नालायक माणसाच्या हाती लगाम देऊन निश्चिंतपणे मागे बसणारा निर्दोष नाही, ही त्यातली कल्पना आहे. वाचकांनी ही कल्पना ध्यानात ठेवावी. शेवटी आम्हांला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

पुढे शेकडो वर्षे हा प्रश्न फारसा तीव्र झाला नाही, आणि त्याचे श्रेय बैलाला दिले पाहिजे. बाजाराहून झिंगून परतणारा गाडीवान गाडीत आडवा होई आणि बैल त्याला घराच्या दारात आणून सोडीत. त्या वाहनात निदान दोन प्राणी शुद्धीवर असत. मोटारीत तशी सोय नाही. तिला वाट ठाऊक नसते आणि समोर माणूस आला म्हणून ती आपण होऊन थांबत नाही. बैलाचे शहाणपण गेले, तेव्हा त्याची जागा कायद्याला भरून काढावी लागली.

इंग्रजी अमदानीत १८६० चा भारतीय दंडसंहितेचा कायदा आला. त्याच्या ८५ व ८६ या कलमांनी एक महत्त्वाचे तत्त्व घालून दिले. स्वतःच्या इच्छेने नशा करणाऱ्याला 'मी शुद्धीवर नव्हतो' ही सबब सांगता येणार नाही. ज्याला त्याच्या नकळत किंवा बळजबरीने नशा चढविली गेली असेल, त्यालाच काय ती सूट. कलम २७९ ने सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा गुन्हा ठरविला आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. १८७० साली ३०४ अ हे कलम जोडले जाऊन निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. नशेत सार्वजनिक ठिकाणी उपद्रव देणाऱ्यास कलम ५१० प्रमाणे चोवीस तास कैद अथवा दहा रुपये दंड. ही कलमे नीट पाहिली तर दिसेल की, येथे नशा हा एक गुन्हा आहे आणि बेदरकारपणा हा दुसरा. दोहोंची गाठ अजून पडलेली नाही.

ती गाठ प्रथम पडली रेल्वेत. ही गोष्ट गोंदियाकरांना विशेष जवळची वाटावी, कारण आपले गाव रेल्वेने वाढविले. बंगाल नागपूर रेल्वेचा मोठा रूळमार्ग येथून गेला, पुढे सातपुड्यातून बालाघाट-जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग येथे येऊन मिळाला, आणि गोंदिया जंक्शन झाले. रुळांवर धावणाऱ्या शेकडो जिवांची दोरी एका ड्रायव्हरच्या, एका सांधेवाल्याच्या हाती असते, हे सरकारने लवकर ओळखले. १८९० च्या रेल्वे कायद्याचे १०० वे कलम सांगत असे की, रेल्वेचा नोकर कामावर असताना नशेत आढळला तर त्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड. आणि त्याच्या कामातील चुकीने लोकांच्या जिवास धोका पोहोचण्याजोगा असेल, तर एक वर्षापर्यंत कैद. या कलमातले मर्म पाहा. गाडी रुळावरून घसरली काय, सिग्नल चुकला काय, असे ते विचारीत नाही. ते दोनच गोष्टी विचारते: तू कामावर होतास काय, आणि तू नशेत होतास काय? अपघात होण्याची वाट ते पाहत नाही. रुळांच्या बाबतीत हे शहाणपण १८९० साली होते. सडकेच्या बाबतीत ते यावयाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

विलायतेतही असाच क्रम दिसतो. १८७२ च्या तेथील कायद्याने नशेत घोडागाडी, गुरे किंवा वाफेचे यंत्र हाकणाऱ्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद सांगितली होती. लंडनमध्ये सप्टेंबर १८९७ मध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्याने विजेवर चालणारी आपली गाडी नशेत एका इमारतीवर नेऊन आदळली, आणि त्याला पंचवीस शिलिंग दंड झाला. मद्यपी मोटारवाल्यास झालेली पहिली शिक्षा म्हणून तिचा उल्लेख केला जातो. घोड्याचा कायदा मोटारीला लावून काम भागविण्याचे ते दिवस होते.

आपल्याकडे या विषयावरचे स्पष्ट कलम १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आले. ते ११७ वे कलम. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतपत जो दारूच्या अथवा मादक द्रव्याच्या अंमलाखाली असेल, त्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. शिक्षा हलकी होती असे म्हणता यावयाचे नाही. त्या काळी पाचशे रुपये ही एखाद्या कारकुनाची कित्येक महिन्यांची कमाई होती. उणीव होती ती निराळीच. 'ताबा ठेवण्यास असमर्थ' हे सिद्ध कसे करावयाचे? पोलीस सांगणार की तोंडाला वास येत होता. डॉक्टर सांगणार की डोळे लाल होते. आरोपी सांगणार की धुळीने डोळे लाल झाले आणि खोकल्याचे औषध घेतले होते. पुष्कळ पिऊनही सरळ चालणारे महाभाग असतात, आणि थेंब न घेता अडखळणारेही असतात. रेल्वेच्या कायद्याने जो प्रश्न विचारला नव्हता, नेमका तोच प्रश्न मोटारीच्या कायद्याने विचारला, आणि त्याच्या उत्तरात तो अडकून पडला.

येथे आमच्या कथेत दारूबंदी प्रवेश करते. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. त्याचा प्रश्न तिसराच होता. तू गाडी चालवीत होतास काय, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तू परवान्यावाचून प्यालास काय, एवढेच तो विचारी. या दोन कायद्यांच्या कात्रीतून माणूस कसा सुटू शकतो, याचे उदाहरण मुंबईतच घडले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदी कायद्याचा काही भाग घटनाबाह्य ठरविला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने बाळगण्यावर आणि वापरण्यावर बंदी घालता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर चारच दिवसांनी, २९ मेच्या रात्री, कुलाब्याच्या बाजूला एका जीपगाडीने रस्त्यावरील तिघांना धडक दिली. जीप चालविणारे गृहस्थ होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, आणि त्यांचा हुद्दा होता प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! लोकांना वाहन हाकण्याचे परवाने देणाऱ्या खात्याचेच ते अधिकारी होते.

त्यांना इस्पितळात नेण्यात आले. तोंडाला मद्याचा वास होता, डोळे तांबारलेले होते. परंतु बोलणे सुसंगत होते आणि ते सरळ रेषेवर चालून दाखवू शकत होते. त्यांनी मद्यार्क घेतला असला तरी ते त्याच्या अंमलाखाली दिसत नाहीत, असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांच्या बाजूने सांगण्यात आले की, प्यालो ते मद्यार्कयुक्त टॉनिक. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली त्यांना दोषी धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे घटनेच्या कलमांचा दीर्घ ऊहापोह झाला, आणि अखेर १९५४ साली ते सुटले. प्यालेला पदार्थ निषिद्ध दारूच होता हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, आणि ते सरकारने पार पाडलेले नाही, असा निष्कर्ष निघाला. न्यायालयाचे काही चुकले, असे आम्ही म्हणत नाही. संशयाचा फायदा आरोपीला द्यावयाचा हा न्यायाचा पाया आहे, आणि ज्याचा दोष सिद्ध झाला नाही त्याला दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांलाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गाजला तो पेल्यात काय होते याचा. रस्त्यावर पडलेली तीन माणसे त्या वादात कोठेच उरली नाहीत.

या पेचावर मुंबई सरकारने १९५९ साली तोड काढली. कायद्यात १२९ अ हे कलम घालून संशयिताची वैद्यकीय तपासणी करण्याची व रक्त घेण्याची तरतूद झाली. आणि ६६ व्या कलमात असे ठरले की, रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळल्यास, आपण औषधच घेतले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येईल. त्याच वर्षी हा कायदा विदर्भालाही लागू झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलेल्या भंडारा जिल्ह्याचा गोंदिया हा तेव्हा एक तालुका होता. म्हणजे रक्तातील मद्यार्काचा आकडा कायद्याच्या पुस्तकात आपल्याकडे १९५९ सालीच आला. नॉर्वेने वाहनचालकांसाठी असा आकडा १९३६ मध्ये ठरविला होता. ब्रिटनने १९६७ मध्ये. आपण ब्रिटनच्या आठ वर्षे पुढे होतो! परंतु हा अभिमान फार वेळ टिकत नाही. कारण तो आकडा आपण पिणाऱ्याला पकडण्यासाठी ठरविला होता, गाडी हाकणाऱ्याला थांबविण्यासाठी नव्हे. माप हाती आले होते. ते सडकेवर नेण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

मापावाचून खटला लंगडा राहतो, हे १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पुन्हा दाखवून दिले. तोंडाचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेली बुबुळे या खुणा रक्ततपासणीवाचून निर्णायक पुरावा ठरत नाहीत, असे तेथे सांगितले गेले.

मोटार वाहन कायदा १९८८ साली नव्याने झाला. त्याचे १८५ वे कलम आरंभी फार कडक होते. चालकाच्या रक्तात कितीही अल्प मद्यार्क असला तरी तो गुन्हा, असे त्यात म्हटले होते. नोव्हेंबर १९९४ पासून त्यात दुरुस्ती झाली आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क श्वासपरीक्षक यंत्राने आढळल्यास गुन्हा, असे निश्चित माप आले. दारूबंदीच्या १९५९ च्या मापापेक्षा, म्हणजे ५० मिलिग्रॅमपेक्षा, हे माप कडक आहे. चौथा प्रश्न तो हाच: किती? गाडीवर ताबा होता की नव्हता याची चर्चा आता मद्यार्कापुरती संपली. प्रमाण ओलांडून चाकामागे बसणे, एवढ्यानेच गुन्हा पुरा होतो. कोणाला धक्का लागण्याची गरज नाही. १८९० साली इंजिनाच्या ड्रायव्हरला जो न्याय लागू होता, तो १९९४ साली मोटारीच्या ड्रायव्हरलाही खऱ्या अर्थाने लागू झाला.

शिक्षेचे आकडेही वाढले. १९८८ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपये झाला. नंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. परवाना निलंबित होऊ शकतो तो वेगळा. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्वचित त्याहूनही गंभीर कलम लागते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढून सात जण मरण पावले व आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला होता. त्याची सदोष मनुष्यवधाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली, आणि अपराधाच्या मानाने ती अपुरी असल्याची खंतही नमूद केली.

तथापि आकडे मोठे झाले म्हणून रस्ता सुरक्षित झाला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कायद्यातच एक अट आहे. या गुन्ह्यात अटक केलेल्या इसमाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकाकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्यास सोडून द्यावे लागते. ही अट नागरिकाच्या स्वातंत्र्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. सालेकशाच्या किंवा देवरीच्या जंगलातील रस्त्यावर रात्री अकरा वाजता कोणी पकडला गेला, तर दोन तास म्हणजे काय? गाडी हवी, शिपाई हवा, दवाखान्यात जागा असलेला डॉक्टर हवा. दंडाचा आकडा दिल्लीत ठरतो. तो खरा की खोटा हे देवरीच्या त्या दोन तासांत ठरते.

देवरीवरून आणि कोहमाऱ्यावरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश दिला. पुढे मार्च २०१७ मध्ये वीस हजार व त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. आपल्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. सीमेच्या एका अंगाला विक्रीच बंद, दुसऱ्या अंगाला ती परवान्याने चालू. दुकान किती मीटरांवर असावे आणि कोणत्या जिल्ह्यात असावे, याविषयी मतभेद राहतील. परंतु चालकाच्या रक्तातले मिलिग्रॅम सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच मोजले जातात. आणि मातीत उतरून उभ्या राहणाऱ्या माणसाला कामाचे आहेत ते हेच.

आता त्या जुन्या कल्पनेकडे वळू. अयोग्य सारथ्याच्या गाडीत बसणाराही दंडास पात्र, ही ती कल्पना. आजच्या कायद्यात ती नाहीशी झाली आहे असे पुष्कळांस वाटते. पण १९८८ च्या कायद्याचे १८८ वे कलम सांगते की, दारू पिऊन वाहन चालविण्याच्या गुन्ह्यास जो चिथावणी देईल किंवा साहाय्य करील, त्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. मागे नुसते बसल्याने हा गुन्हा होत नाही, हे खरे. परंतु प्यालेल्या माणसाच्या हाती जाणूनबुजून किल्ली ठेवणे आणि 'अरे जाईल तो, रोजचंच आहे त्याचं' असे म्हणणे, हे त्या कलमापासून फार दूर नाही.

आपल्या मांडवात वऱ्हाड जेवते, ड्रायव्हरलाही आग्रह होतो, तो नको म्हणाला तर त्याची थट्टा होते. आणि रात्री त्याच्याच गाडीत आपण आपली लेकरे निजवून पाठवितो. रेल्वेच्या ड्रायव्हरला असा आग्रह स्टेशनवर कोणी केला, तर आपण त्या माणसाला वेडा ठरवू. वऱ्हाडाच्या ड्रायव्हरला तो करताना आपल्याला काहीच वाटत नाही. यंदाच्या लग्नसराईत यजमानाने एवढेच करावे: ड्रायव्हरचे पान पहिल्या पंगतीला वाढावे, त्याला झोपायला खाट द्यावी, आणि ज्याने घेतली असेल त्याची किल्ली सकाळपर्यंत आपल्या कनवटीला लावावी. पाहुणा रागावेल. रागावू द्यावे. सकाळी तो चहा घेऊन, आपल्या पायांनी गाडीपर्यंत चालत जाऊन घरी जाईल, आणि कोहमाऱ्याच्या रस्त्यावर कोणाला त्याच्यासाठी मातीत उतरावे लागणार नाही.